बाराव्या खळग्यातली डबी

किटमध्ये खळगे बारा होते आणि वस्तू अकरा. ठिणग्या पाडणारी काळी कांडी एक, करंगळीएवढी. ती खरवडायची पोलादी पट्टी एक. भिंग एक, शिट्टी एक, घडीची करवत एक, छोटा चाकू एक, पत्र्याचा पेला एक. तागाची दोरी एक. पत्रकात ‘एक मीटर’ लिहिलं होतं, दिशाने मोजली तेव्हा सत्त्याण्णव सेंटिमीटर भरली. कुठल्याशा थंड मुलखातल्या झाडाच्या सालीचे तुकडे तीन. बारावा खळगा गोल होता, सहा सेंटिमीटर व्यासाचा, आणि त्यात काहीच नव्हतं. पत्रकात त्याच्यासमोर लिहिलं होतं : ‘डबी. जळकं सुती कापड ठेवण्यासाठी.’

“एवढ्यासाठी कुरिअरवाला पारनेरहून हितवर आला?” दिशाच्या वडिलांनी, भीमराजांनी, कांडी उचलून वास घेतला. “काडेपेटीचं काम करायला अकरा वस्तू!”

“बारा, अण्णा. एक यायची राहिलीय.”

दिशा फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाली होती आणि तिला भंडारदऱ्याला जायचं होतं. धरणाच्या काठावर शाळेच्या मुलांची निसर्गशिबिरं भरतात, तिथे शिकवायला माणूस हवा होता. फोनवरची मुलाखत झाली होती. उरली होती एकच परीक्षा. शिबिराच्या पूजा मॅडम पुढच्या रविवारी पुण्याला जाताना वाटेत दिशाच्या रानात थांबणार होत्या. त्यांच्यासमोर दहा मिनिटांत जाळ करून दाखवायचा. शिबिराने पाठवलेल्या किटमधली फक्त कांडी आणि पट्टी वापरायची, बाकी सगळं गावातलं. काडेपेटी, लायटर, रॉकेल वर्ज्य.

भीमराजांच्या मनात मात्र बी.एड. होतं. प्रवेश परीक्षेचा फॉर्म भरायची शेवटची तारीख त्या रविवारनंतरचा सोमवार होती. दोन दिवस घरात दोघंही कमी बोलली. मग गुरुवारी, किट आलं त्या सकाळी, भीमराजांनी निवाडा दिला.

“हे बघ, आपल्याकडं लपवाछपवी न्हाई. फुडच्या रयवारी, त्या बाई येतील तवा, हुरडा करू. आगटी तू पेटवायची. पेटली तर भंडारदरा. न्हाई पेटली तर सोमवारी फॉर्म. चालतंय?”

“चालतंय.”

“मग आजपासून घरातली काडेपेटी माज्या खिशात.” त्यांनी देवळीतली काडेपेटी उचलून सदऱ्याच्या वरच्या खिशात टाकली. “परीक्षा म्हंजी परीक्षा.”

परीक्षा दिशाची होती, पण भोगली सगळ्यांनी. आईला चूल पेटवायची की बाहेर येऊन हाक मारावी लागे, “अहो, जरा खिसा आणा!” देवापुढचा दिवा एकदा अर्धा तास ताटकळला, कारण खिसा विहिरीवर मोटर चालू करायला गेला होता.

पहिल्या दिवशी दिशाने एकशेचाळीस ठिणग्या पाडल्या. दुसऱ्या दिवशी दोनशे बारा. कांडीवरून पट्टी ओढली की ठिणग्यांचा झुबका उडे, नारळाच्या शेंडीच्या घरट्यावर पडे आणि विझून जाई. रकान्यात ती प्रामाणिकपणे शून्य लिही. पहाटेचं दव, वाऱ्याचा वेग, शेंडीचा ओलेपणा, सगळ्याचे रकाने होते. शून्याला रकाना एकच होता, पण भरत तोच होता.

“ठिणगी पडती, पर तिला बसायला जागा न्हाई,” ओट्यावरून मालनबाई म्हणाल्या. “पाव्हना आला आन घरात पाट न्हाई, तर तो उभ्याउभ्याच जाणार की.”

मालनबाई भीमराजांच्या थोरल्या बहीण, दिशाच्या आत्या. यजमान राधाकृष्ण वारल्यापासून, म्हणजे सात वर्षं, त्या इथेच होत्या. त्यांच्या सोबत एक ट्रंक आली होती आणि एक सवय. सवय मशेरीची. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, खलबत्त्यात कुटायची आणि ती पूड दिवसातून तीनदा ओल्या बोटाने दातांवर घोळवायची. ती घोळवताना त्यांचे डोळे अर्धे मिटत आणि घरावर अर्धा तास शांतता नांदे. राधाकृष्ण चाळीस वर्षं सांगत होते, “सोड ती मशेरी.” मग भीमराज सांगू लागले. आत्यांचं उत्तर दोघांनाही एकच होतं, “मेल्यावर.”

आत्यांचं बोलणं दिशाला पटलं. पत्रकही तेच म्हणत होतं : हवा लागू न देता जाळलेलं शुद्ध सुती कापड ठिणगी धरून ठेवतं. पण शुद्ध सुती आणायचं कुठून? तिने घरातल्या प्रत्येक कापडाचा एकेक धागा चुलीत धरून पाहिला. अण्णांच्या सदऱ्याच्या धाग्याचा वितळून मणी झाला, म्हणजे पॉलिएस्टर. आईच्या साडीचा मणी झाला. तिच्या स्वतःच्या ओढणीचा तर टपोरा मणी झाला.

“ह्यांचं धोतर हाय ट्रंकेत,” आत्या म्हणाल्या. “घे त्यातलं हातभर. पडून पडून कसर लागायची.”

डबीही त्यांनीच दिली. राधाकृष्णांनी कधीकाळी शेवगावच्या बाजारातून दोन अॅल्युमिनियमच्या डब्या आणल्या होत्या, फिरकीच्या झाकणाच्या. एकीत आत्यांची मशेरी असे, दुसरी रिकामी होती. दिशाने ती बाराव्या खळग्यात ठेवून पाहिली. खळग्यासाठीच घडवल्यासारखी बसली.

मधल्या रविवारी, परीक्षेच्या आठ दिवस आधी, सकाळी एकाच चुलीवर दोन कामं चालली. तव्यावर आत्यांची तंबाखू, निखाऱ्यांत दिशाचा झाकणबंद डबा, त्यात धोतराच्या घड्या. दोन्ही काळं झालं. आता खरं तर कापडाचे तुकडे तसेच ठेवायचे होते. पण दिशाने विचार केला, पूड केली तर पृष्ठफळ वाढेल आणि ठिणगी लवकर धरेल. म्हणून आत्यांचं कुटून झाल्यावर तिने त्याच खलबत्त्यात धोतर कुटलं. काळी, मऊ, बोटाला चिकटणारी पूड झाली. ती डबीत भरून तिने वर कागद चिकटवला, ‘नमुना १’, आणि डबी आत्यांच्या डबीशेजारी फळीवर ठेवली.

सोमवारी सकाळी एकतिसाव्या ठिणगीला पुडीत एक लाल ठिपका उमटला. तो विझला नाही. हळूहळू पसरला, जसा झोपेतून उठणारा माणूस एकेक अवयव हलवतो तसा. दिशाने तो घरट्यात घेतला, फुंकर घातली, आणि धुरातून वीतभर जाळ उभा राहिला.

“पेटलं!” ती ओरडली.

भीमराज गोठ्यातून आले, जाळ पाहिला, खिसा चाचपला. काडेपेटी जागेवर होती. ते परत गेले.

त्याच संध्याकाळी आईने पाहुणे येणार म्हणून फळी आवरायला काढली. फळीवरचं सगळं खाली घेतलं, पुसलं, परत मांडलं. डब्यांवरून ओलं फडकं फिरवलं. एका डबीवर कसलासा कागद चिकटला होता, तो सुटून आला. आईने तो चुलीत टाकला आणि दोन्ही डब्या शेजारी शेजारी ठेवल्या, छान चकचकीत.

मंगळवारपासून दिशाची प्रगती डोळ्यांत भरू लागली. नऊ ठिणग्या. मग सात. बुधवारी पाच. तिने कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आलेख काढला आणि कारण शोधलं : कोपराचा कोन. सोमवारी तो साधारण साठ अंश होता, आता पंचेचाळीस. आलेखाखाली तिने कोपराचं चित्र काढलं.

आणखी एक गोष्ट घडू लागली, पण तिला रकाना नव्हता. पूड धुमसू लागली की तिचा धूर दिशाच्या नाकात जाई, आणि जग थोडं सैल होई. बांधावर बसल्या बसल्या ज्वारीची कणसं दूर जात आणि परत येत. पानांची सळसळ पाण्यासारखी ऐकू येई, आणि ते पाणी म्हणजे भंडारदऱ्याचं धरण असे. काठावर तंबू, तंबूंपुढे मुलं, आणि मुलांच्या डोळ्यांत तिने पाडलेल्या ठिणग्या. पहिल्यांदा विस्तव पाहिलेल्या माणसाला असंच वाटलं असेल का, असं तिच्या मनात येई. तो माणूस आपल्याच बांधावर बसला असावा आणि त्यालाही भाकरी नकोशी झाली असावी.

“ही पोरगी बघा कशी टक लावून बसलीया,” आई म्हणाली. “सकाळपासून अर्धी भाकरी खाल्ली हिनं. दिशा! अगं ए! कुठं हाईस?”

“आई,” दिशा हळूच म्हणाली, “अग्नी किती सुंदर असतो गं.”

“त्यो चुलीत बी असतो. ऊठ, ताक घे.”

घराच्या दुसऱ्या टोकाला मात्र सुंदर काहीच नव्हतं.

“ह्या तंबाखूत दम न्हाई,” मंगळवारी दुपारी आत्यांनी जाहीर केलं. बुधवारी त्या कोंबडीशी भांडल्या. तीनदाच्या जागी सहादा मशेरी लावू लागल्या, तरी डोकं उतरेना. गुरुवारी त्यांनी भीमराजांना पारनेरच्या बाजारात आप्पासाहेबांच्या दुकानी पिटाळलं.

“त्याला म्हणावं, सात वरसं तुज्याकडून पान नेती, आन आता मला गवत द्यायला लागलास व्हय रे?”

भीमराज जाऊन आले. “आक्का, त्यो म्हणतो, पान तेच हाय. तुमची जीभच म्हातारी झाली म्हणतो.”

“जीभ म्हातारी! त्याच्या तोंडात किडं पडोत!” आत्यांनी डबी उघडली आणि सूड म्हणून आणखी एक बोट लावलं.

शुक्रवारी मात्र त्या का कोण जाणे शांत झाल्या. दोन भाकरी खाल्ल्या. म्हणाल्या, “सीमा, आज भाजीला चव हाय गं. मीठ नीट पडलंय.”

“रोज एवढंच असतं, वन्सं,” आई चमकून म्हणाली.

शनिवारी दिशाचा आकडा तीनवर आला. संध्याकाळी आत्या ओट्यावर भिंतीला टेकून बसलेल्या दिसल्या, चेहरा घामाने डबडबलेला. आईने लिंबूपाणी दिलं.

“काय झालं वन्सं?”

“काय न्हाई. उन्हाचं आसंल.”

जानेवारी महिना होता. पण दिशा आलेखात तीनचा ठिपका जोडत होती, तिने विचारलं नाही.

रविवार उजाडला तो धुकं घेऊन. ज्वारीचं रान दुधात बुडाल्यासारखं दिसत होतं, वर फक्त कणसांचे शेंडे. अकरा वाजेपर्यंत धुकं निवळलं आणि पूजा मॅडम आल्या. उंच, सावळ्या, पायात बूट, मनगटावर मोठं घड्याळ. बोलणं मोजकं. आईने त्यांना घोंगडीवर बसवलं. आगटीचा खड्डा तयार होता, गोवऱ्या रचल्या होत्या, कोवळ्या कणसांची पेंढी शेजारी पडली होती. लसणाची चटणी, गूळ, दही सगळं मांडलेलं. फक्त विस्तव तेवढा नव्हता.

“दहा मिनिटं,” मॅडम म्हणाल्या. “सुरू.”

दिशाने डबीतली पूड खापरीवर घेतली, पट्टी कांडीवर टेकवली, कोपर पंचेचाळीस अंशांत आणलं आणि ओढली. एक. दोन. तीन. ती थांबली, कारण तीनवर थांबायची सवय झाली होती. पुडीत काही नव्हतं.

चार, पाच, दहा, वीस.

“दोन मिनिटं झाली.”

चाळीस. ठिणग्या पडत होत्या आणि विझत होत्या. तिने कोपर साठ अंशांवर नेलं, मग तीसवर. शेवटी कोपर हा अवयवच तिला नकोसा झाला. डोक्यात धरणाचं पाणी आटत चाललं होतं, तंबू एकेक करून गुंडाळले जात होते, आणि त्यांच्या जागी बाकं मांडली जात होती.

“पाच मिनिटं.”

“वारं हाय,” भीमराज पुटपुटले. वारं नव्हतं. पान हलत नव्हतं. “दव पडलंय. कालच्यापेक्षा लई दव हाय.” त्यांनी मॅडमकडे पाहिलं, मग गोवऱ्यांकडे, मग लेकीच्या हाताकडे. पट्टी धरून तिचं बोट लाल झालं होतं. भीमराजांचा हात आपोआप सदऱ्याच्या वरच्या खिशाकडे गेला.

“भीमा, हात काढ,” आत्या म्हणाल्या.

“मी कुटं काय...”

“खिशातनं हात काढ. पोरगी तुजीच हाय, पर परीक्षा तिची हाय.”

भीमराजांनी हात काढला आणि पाठीमागे बांधून घेतला, शाळेत शिक्षा झाल्यासारखा.

दिशा पट्टी खाली ठेवून डबीत पाहत होती. आता ती घाबरलेली नव्हती, ती निरीक्षण करत होती. पूड मोकळी नव्हती, तिच्या गुठळ्या झाल्या होत्या. ओल होती. आणि मधोमध एक खळगा होता, लांबट, दीड सेंटिमीटर रुंद. बोटाचा.

“आत्या,” ती म्हणाली, “माझ्या डबीत कुणाचं बोट गेलं?”

आत्यांची मूठ कमरेच्या पिशवीवर घट्ट झाली.

“साडेसहा मिनिटं,” मॅडम म्हणाल्या.

“आत्या, सांगा ना!”

“काय सांगू, कपाळ!” आत्या उसळल्या. “तुज्या डबीत माजं बोट गेलं आन माज्या डबीत तुज्या ठिणग्या! पाच दिस! काल सांजच्याला तुजी डबी उघडी हुती, मला वास आला. म्हनलं हा तर माज्या तंबाखूचा वास. मग आदलाबदल केली गुपचूप. ज्याचं त्याला.”

“म्हणजे मी पाच दिवस मशेरी पेटवत होते?” दिशाला एकदम ताक, अर्धी भाकरी आणि सुंदर अग्नी आठवला. “आणि तुम्ही...”

“मी पाच दिस ह्यांचं धोतर घासलं दातावर!” आत्यांनी पदर तोंडाला लावला. “कुनाला सांगनार? आन काल खरी मशेरी लावली तर घर फिराया लागलं गरागरा. इतक्या वरसांत आसं झालं न्हाई.”

आईने तोंड फिरवलं. तिचे खांदे हलत होते. भीमराज पाठीमागे बांधलेले हात विसरून म्हणाले, “मग आप्पासायबाला मी उगीच शिव्या दिल्या की!”

“साडेसात.”

“आत्या, डबी द्या.”

“माजी मशेरी जाळायची?”

“चिमूटभर.”

आत्यांनी पिशवीतून डबी काढली. चकचकीत झाकणावर अंगठा फिरवला. मग एकदा आगटीकडे पाहिलं, एकदा दिशाच्या लाल बोटाकडे, आणि डबी पुढे केली.

“चिमटीनं कशाला भागतंय? नीट घे, मूठभर घे. आन लवकर कर, ती बाई घड्याळाकडं बघतीया.”

दिशाने खापरी झटकली, कोरडी पूड ओतली. एक. दोन. तिसऱ्या ठिणगीला पुडीच्या कडेला लाल ठिपका उमटला आणि सरपटत निघाला. तिने तो शेंडीच्या घरट्यात घेतला, घरटं तोंडासमोर धरलं, आणि श्वास रोखून, नाक बाजूला करून, हलकी फुंकर घातली. दुसरी. तिसरी. धूर दाटला, पिवळा झाला, आणि घरट्यातून जाळ उठला. तिने तो गोवऱ्यांखाली सरकवला.

“नऊ मिनिटं बेचाळीस सेकंद,” मॅडमनी वहीत लिहिलं.

मग त्यांनी वर पाहिलं. “ही पूड कसली?”

खरं बोललं तर काय होईल ते दिशाला माहीत नव्हतं. पण रकान्यात तिने आजवर खोटं लिहिलं नव्हतं.

“मशेरी आहे, मॅडम. भाजलेली तंबाखू. घरच्या तव्यावरची.”

“गावातलं साहित्य. बसतं नियमात.” मॅडमनी वही मिटली. “फक्त शिबिरात शाळेची मुलं असतात. तिथे हे चालणार नाही.”

“धोतर चालेल?”

“धोतर?”

“एकतीस ठिणग्यांत धरतं. कोरडं असेल तर. आणि कुटलं नाही तर बहुतेक त्याहून कमी.”

मॅडम पहिल्यांदा हसल्या. “धोतर घेऊन पहिल्या तारखेला या.”

गोवऱ्या फुलल्या. भीमराजांनी कणसं निखाऱ्यात खोचली, गरम कणीस हातावर चोळून पहिला हुरडा मॅडमना दिला आणि दुसरा दिशाला. काडेपेटी त्यांनी खिशातून काढली, आईच्या हातात ठेवली आणि म्हणाले, “ठेव देवळीत. लई जड झाली हुती.” फॉर्मचं नाव निघालं नाही. दुपारच्या उन्हात रान सोन्यासारखं झालं होतं, धूर सरळ वर जात होता, आणि दिशाला या वेळी काहीही न हुंगता ते पाणी ऐकू येत होतं.

आत्या मात्र डबी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. जेवणानंतरची त्यांची वेळ झाली होती. त्यांनी झाकण फिरवलं, बोट ओलं केलं, आणि तसंच थोडा वेळ धरून ठेवलं.

“जाऊ दे,” त्या म्हणाल्या. “कालच्यावानी गरगरलं तर पाव्हन्यांम्होरं शोभा. सांच्याला बघू.”

“त्याआधी मोजू द्या, आत्या,” दिशा म्हणाली. तिच्याकडे कॉलेजातल्या प्रयोगांपासूनचा खिशातला छोटा वजनकाटा होता. तिने डबी ठेवली, रिकाम्या डबीचं वजन वजा केलं आणि वहीत लिहिलं : ‘शिल्लक मशेरी, २२.४ ग्रॅम.’

निघायच्या दिवशी आत्यांनी ट्रंक उघडली आणि उरलेलं धोतर घडी करून तिच्या पिशवीत घातलं. “जपून जाळ,” म्हणाल्या. “एकदम समदं संपवू नको.”

पहिल्या सुट्टीला दिशा घरी आली तेव्हा तिला जाऊन एकवीस दिवस झाले होते. आत्या ओट्यावर शेंगा फोडत होत्या आणि कोंबडीशी गोडीगुलाबीने बोलत होत्या. फळीवर डबी होती तिथेच होती. दिशाने काटा काढला, डबी ठेवली, आकडा स्थिर होईपर्यंत थांबली.

२२.४ ग्रॅम.